शहाणपणाची उलटतपासणी

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१६ साली, आंद्रे ब्रेताँ हा वीस वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी फ्रान्समधल्या सें-दिझिए इथल्या लष्करी मनोरुग्ण केंद्रात काम करत होता. आघाडीवर मानसिक तोल ढळलेले सैनिक तिथे आणले जात. त्यांतल्या एकाची ठाम समजूत होती की हे युद्ध म्हणजे निव्वळ नाटक आहे. तोफगोळे खोटे आणि जखमा रंगवलेल्या. त्यामुळे तो खंदकाच्या कठड्यावर बिनधास्त उभा राही आणि डोक्यावरून जाणाऱ्या गोळ्यांकडे बोट दाखवी. डॉक्टरांच्या लेखी हा भ्रम होता. पण त्याच वर्षी व्हर्दन आणि सॉम या दोन लढायांत लाखो माणसे मारली गेली, आणि त्या लढाया आखणारे सेनापती, त्यांना मंजुरी देणारे मंत्री आणि त्यांची भलामण करणारे संपादक यांच्या शहाणपणाबद्दल कोणी शंका काढली नाही. ब्रेताँच्या मनातून तो सैनिक गेला नाही. दोन वर्षांनी त्याने त्या सैनिकाच्याच तोंडी घातलेला एक गद्य मजकूर लिहिला, आणि १९२४ साली सर्रिअलिझमचा, म्हणजे अतिवास्तववादाचा, पहिला जाहीरनामा काढला.

सर्रिअलिझम म्हटले की वितळणारी घड्याळे आणि स्वप्नातल्यासारखी विक्षिप्त चित्रे आठवतात, आणि वास्तवाला कंटाळलेल्या कलावंतांचा हा खेळ असावा असे वाटते. चळवळीतल्या माणसांची चरित्रे पाहिली तर हा समज टिकत नाही. पॉल एल्युआर आणि मॅक्स एर्न्स्ट हे पुढे जिवलग मित्र झाले, पण युद्धात ते एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत होते. चित्रकार आंद्रे मासाँ १९१७ साली आघाडीवर गंभीर जखमी झाला होता. वास्तव या लोकांनी पुरेपूर भोगले होते. त्यांची तक्रार होती ती वास्तव कशाला म्हणायचे हे परस्पर ठरवून टाकणाऱ्या शहाणपणाबद्दल. आधुनिकतावादातही सगळे एका सुरात बोलत नव्हते. १९०९ साली जाहीरनामा काढणाऱ्या इटालियन फ्युचरिस्टांनी यंत्राचे, वेगाचे आणि युद्धाचेही गोडवे गायले होते. सर्रिअलिस्टांनी त्याच यंत्रयुगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि फ्रॉइडकडून घेतलेल्या स्वप्न आणि सुप्त मन या कल्पना साक्षीला आणल्या.

ही तपासणी बरीच शिस्तीत चालली. जाहीरनाम्याच्याच सुमारास पॅरिसच्या रू द ग्रनेल या रस्त्यावर सर्रिअलिस्ट संशोधनाचे कार्यालय उघडले. लोकांनी यावे, स्वप्ने आणि चमत्कारिक योगायोग सांगावेत आणि त्यांची नोंद व्हावी, अशी कल्पना होती. डिसेंबरात निघालेल्या त्यांच्या नियतकालिकाचे रूपही मुद्दाम एखाद्या विज्ञानपत्रिकेसारखे कोरडे ठेवले होते. त्याआधी १९१९ साली ब्रेताँ आणि फिलिप सूपो यांनी स्वयंचलित लेखनाचा प्रयोग केला होता. हात न थांबवता आणि खाडाखोड न करता, मनात येईल ते भराभर लिहीत जायचे. यावर नेहमीचा आक्षेप असा की मग कलावंताचे कर्तृत्व ते काय? एर्न्स्टच्या एका प्रयोगात त्याचे उत्तर सापडते. १९२५ च्या ऑगस्टमध्ये पोर्निक या समुद्रकाठच्या गावी तो उतरला होता, तेव्हा खोलीतल्या घासून घासून झिजलेल्या लाकडी जमिनीवर त्याची नजर खिळली. मुले नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासतात, तसे त्याने फळ्यांवर कागद टाकून वरून शिसे घासले. लाकडाच्या रेषा उमटल्या आणि त्यांत त्याला अरण्ये, समुद्र, पक्षी दिसू लागले. अशाच चित्रांतून पुढच्या वर्षी ‘नैसर्गिक इतिहास’ हा संच निघाला. योगायोगाचा वाटा रेषांपुरताच होता. कुठला तुकडा ठेवायचा, कुठला टाकायचा, कशाचे पान करायचे आणि कशाचा डोळा, हे एर्न्स्टनेच ठरवले. सवयीच्या नजरेला जे दिसत नाही ते दिसावे म्हणून तिला थोडा वेळ बाजूला बसवायचे, एवढाच या पद्धतीचा अर्थ आहे.

हीच नजर समाजाकडे वळली तेव्हा काय झाले, हे १९३१ साली दिसले. पॅरिसच्या व्हँसेन भागात त्या वर्षी प्रचंड वसाहत प्रदर्शन भरले. आंगकोर वाटच्या मंदिराची प्रतिकृती उभारली गेली, वसाहतींतली माणसे आणून त्यांचे नाच आणि कारागिरी दाखवली गेली, आणि लाखो लोक ते सारे कौतुकाने पाहून गेले. साम्राज्य म्हणजे सुधारणा, हे त्या घडीचे सर्वमान्य वास्तव होते. सर्रिअलिस्टांनी पत्रक काढून लोकांना प्रदर्शनाला जाऊ नका असे सांगितले, आणि सप्टेंबरात कम्युनिस्टांच्या सोबतीने ‘वसाहतींबद्दलचे सत्य’ हे प्रतिप्रदर्शन मांडले. तिथे ख्रिस्ती भक्तीच्या काही वस्तूंना ‘युरोपीय फेटिश’ अशी पाटी लावली होती. त्यांत एक दानपेटी होती, आणि तिला आकार दिला होता कृष्णवर्णीय मुलाचा. आफ्रिकेतल्या देवमूर्तींना युरोपची संग्रहालये जे नाव देत, तेच इथे युरोपच्या घरच्या देव्हाऱ्याला दिले होते. मूळ प्रदर्शनाच्या मानाने इथे आलेली माणसे फारच थोडी. पण साम्राज्याचे शहाणपण एका पाटीने उघडे पडू शकते, हे तिथे सिद्ध झाले.

हे सगळे पॅरिसच्या कॅफेंतले बंड, इतरांना त्याचे काय, असेही कोणी म्हणेल. आपल्याकडे मर्ढेकरांपासूनच्या नवकवितेवरही परक्या उसनवारीचा ठपका ठेवला गेलाच होता. पण १९४१ साली नाझींच्या सावटाखालच्या फ्रान्समधून निसटलेला ब्रेताँ कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर पोचला, तेव्हा मुलीसाठी रिबन घ्यायला तो एका दुकानात शिरला आणि तिथे त्याला ‘त्रोपीक’ नावाचे नियतकालिक दिसले. ते चालवणारा कवी एमे सेझेर याने फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा आत्मसात केली होती, आणि तिचे व्याकरणशुद्ध शहाणपण मोडून आपल्या बेटाचा संताप तिच्यातून वदवला होता. ब्रेताँ येण्याआधीच, १९३९ साली, सेझेरची दीर्घ कविता प्रसिद्ध झाली होती. सेझेरला हत्यार हवे होते आणि ते कुठल्या देशात घडले याची त्याला फिकीर नव्हती.

चळवळीवरचे सगळेच आक्षेप मात्र असे परतवता येत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत स्त्रीला इथे प्रेरणेची मूर्ती म्हणून जागा होती, बरोबरीची कलावंत म्हणून फारशी नव्हती. पण याच पद्धतीने स्त्रियांनी ती चौकटही तपासली. मेरेट ओपेनहाइमने १९३६ साली चहाचा कप, बशी आणि चमचा यांना हरणाच्या केसाळ कातड्याचे आवरण चढवले. घरंदाज चहापानाच्या वस्तूवर ओठ टेकवायची कल्पनाच अंगावर येते. साल्व्हादोर दालीने चळवळीचा बाजार मांडला हेही खरे. त्याच्या नावाची अक्षरे फिरवून ब्रेताँने ‘आविदा डॉलर्स’, म्हणजे डॉलर्सना हपापलेला, असे टोपणनाव पाडले होते. आणि ज्या कम्युनिस्ट पक्षात ब्रेताँ १९२७ साली गेला, त्याची पोथी काही वर्षांतच त्याला पचेनाशी झाली. १९३८ साली मेक्सिकोत ट्रॉट्स्कीबरोबर बसून त्याने कलेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार केला. दुसऱ्याच्या वास्तवावर शंका घेणाऱ्यांना आपल्याच गोटातल्या पोथीवर शंका घेणे जड गेले, हा त्यांचा दोष खराच. पण तो दाखवायला वापरावा लागतो तो त्यांचाच निकष.

विचित्र दिसणे हीच सर्रिअलिझमची खूण मानली, तर आजच्या जाहिराती सर्वांत मोठ्या सर्रिअलिस्ट ठरतील. त्यांत माणसे उडतात, मोटारी आकाशात विरघळतात, आणि शेवटी ग्राहक दुकानातच पोचतो. त्याच्या जगण्यातले काहीही ढळत नाही. चित्र किंवा कविता या परंपरेतली आहे की नाही हे ठरवायला साधा निकष पुरतो: ती पाहून किंवा वाचून झाल्यावर, काल निमूट मान्य केलेली एखादी गोष्ट आज कोणाच्या सोयीची आहे, असा प्रश्न पडतो का?