दुबईचा व्हिसा आणि दवाखान्याचं कार्ड

गटाच्या बैठकीत हप्ते आणि बचतीचा हिशेब झाला की आमच्या खाडीपट्ट्यात बोलणं हटकून एकाच विषयावर येतं. कुणाचा मालक दुबईला, कुणाचा मुलगा कतारला, कुणाचा दीर कुवेतला. पैसे कधी येतात, सुट्टी कधी मिळते, हे सगळ्या जणी सांगतात. पण "तिकडे आजारी पडला तर कुठे जातो? पैसे कोण भरतं?" असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच असतं, "कंपनी बघते." कंपनी काय बघते आणि काय बघत नाही, ते आज समजून घेऊ.

आधी एक समजूत दूर करायला हवी. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणीही जातं, केसपेपर काढतं, औषध घेऊन येतं. तू कुणाकडे कामाला आहेस, असं तिथे कोणी विचारत नाही. आखाती देशांत तसं नाही. तिथले सरकारी दवाखाने मोठे आहेत, चांगलेही आहेत, पण मोफत किंवा स्वस्त असतात ते तिथल्या नागरिकांना. परदेशी माणसाने विमा दाखवायचा, नाहीतर रोख मोजायचे. आपला माणूस तिथे तात्पुरत्या व्हिसावर असतो, बहुतेक वेळा दोन वर्षांच्या, आणि तो व्हिसा काम देणाऱ्याशी बांधलेला असतो. दवाखान्याचा हक्कही त्याच दाव्याला बांधलेला. काम सुटलं, व्हिसा रद्द झाला, की विमाही संपतो.

प्रत्येक देशाची रीत थोडी वेगळी आहे. सौदीत खाजगी कंपनीने कामगाराचा विमा स्वतःच्या खर्चाने काढायचा असतो. कतारमध्ये वर्षाला १०० रियाल भरून हेल्थ कार्ड मिळतं आणि त्यावर सरकारी दवाखान्यात कमी दरात उपचार होतात. कुवेतमध्ये १९९९ च्या कायद्यापासून विम्याचे पैसे भरल्याशिवाय तिथे राहण्याचा परवाना मिळत नाही, शिवाय दवाखान्यात गेल्यावर वेगळी फी असतेच.

आपल्या भागातली जास्त माणसं दुबई, शारजा, अबुधाबीकडे आहेत, म्हणून तिकडचं जरा नीट सांगतो. अबुधाबी आणि दुबईत विम्याची सक्ती आधीपासून होती. दुबईचा कायदा २०१३ चा. शारजा, अजमान आणि बाकीच्या अमिरातींत मात्र ती नव्हती. १ जानेवारी २०२५ पासून तिथेही आली. आता खाजगी कंपनीतला कामगार असो की कुणाच्या घरी काम करणारा ड्रायव्हर किंवा स्वयंपाकी, त्याचा विमा काढल्याशिवाय व्हिसा नवा होत नाही, जुन्याचं नूतनीकरणही होत नाही. खर्च मालकाने करायचा. पगारातून कापायचा नाही. "इन्शुरन्सचे पैसे कापले" असं आपला माणूस फोनवर म्हणाला, तर तिथेच थांबून विचारा की कुणाच्या इन्शुरन्सचे. दुबई-शारजाला बायकोमुलांना नेलं असेल तर त्यांच्या विम्याचा खर्च त्याला स्वतःला करावा लागतो, पण त्याच्या स्वतःच्या विम्याचा नाही.

या नव्या सक्तीत जो सर्वांत साधा विमा आहे, तो वर्षाला ३२० दिरहॅमपासून मिळतो. विमा आहे म्हणजे सगळं फुकट, असं मात्र समजू नका. दवाखान्यात दाखल झालं तर बिलाचे २० टक्के माणसाने भरायचे, पण एका वेळेला ५०० दिरहॅमपेक्षा जास्त नाही आणि वर्षभरात १००० च्या वर नाही. नुसतं डॉक्टरला दाखवून आला तर २५ टक्के, जास्तीत जास्त १०० दिरहॅम. औषधांचे ३० टक्के. त्याच आजारासाठी सात दिवसांत पुन्हा गेला तर तपासणीचे पैसे पुन्हा द्यायचे नसतात. आणि दवाखाने ठरलेले असतात. या साध्या विम्यात सुरुवातीला ७ हॉस्पिटलं आणि ४६ क्लिनिक होती. यादीबाहेरच्या दवाखान्यात गेला तर बिल खिशातून. म्हणून आपल्या खोलीजवळचं यादीतलं क्लिनिक कोणतं, हे त्याने बरं असतानाच शोधून ठेवायचं. तापाने फणफणल्यावर कोण यादी वाचत बसतं?

आजारपणात पगाराचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. अमिरातींच्या कामगार कायद्यात चाचणीचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा आहे. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, उरलेले ४५ बिनपगारी. त्यासाठी तीन कामाच्या दिवसांच्या आत मालकाला कळवायचं आणि डॉक्टरचा कागद द्यायचा. कामावर असताना इजा झाली तर उपचाराचा सगळा खर्च मालकाचा, आणि बरा होईपर्यंत सहा महिने पूर्ण पगार, नंतरचे सहा महिने अर्धा. घरकाम करणाऱ्यांसाठी कायदा वेगळा आहे. त्यांना ३० दिवस रजा, त्यातले पहिले १५ पगारी.

आता ज्यात सर्वांत जास्त माणसं फसतात ते सांगतो. व्हिजिट व्हिसा. एजंट म्हणतो, "आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देईल." माणूस जातो आणि लगेच कामाला लागतो. पण व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, आणि काम देणाऱ्याने काढायचा विमा त्याला मिळतच नाही, कारण कागदावर तो कामगार नसतोच. आमच्या एका गटातल्या ताईंचा दीर असाच गेला होता, गॅरेजमध्ये. दुसऱ्याच महिन्यात अपेंडिक्स फुटलं. दवाखान्याने ऑपरेशन केलं, माणूस वाचला. पण बिल सगळं त्याच्या नावावर. गॅरेजवाल्याने हात वर केले, एजंटाने फोन उचलणं बंद केलं. वर व्हिसाची मुदत संपली आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत गेला. जावेचे दागिने गेले, ताईंनी गटातून कर्ज उचललं, तेव्हा कुठे तो घरी आला. ते कर्ज त्या अजून फेडत आहेत. हप्ता एकदाही चुकवलेला नाही, हेही सांगायला हवं.

विमा असूनही न दाखवणारी माणसं आहेत, आणि त्यांची काळजी आम्हाला जास्त वाटते. आखातात जाण्याआधी इथे मेडिकल होतं. त्यात क्षयरोग, एचआयव्ही, कावीळ, बायकांची गरोदरपणाची तपासणी असते. त्यात नापास झालं की व्हिसा नाही. ती भीती मनात बसते ती बसतेच. मग खोकला महिनाभर राहिला तरी माणूस दाखवत नाही. साखर वाढली, तर "मालकाला कळलं तर परत पाठवेल" म्हणून गोळ्या इथून मागवतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून. उन्हात काम, पाणी कमी, लघवीला जळजळ, आणि फोनवर सांगतो, "मी मजेत." मैत्रिणींनो, हे "मजेत" आपणच तपासायचं. साखर आणि रक्तदाब यांचे उपचार विम्यातून होतात. छातीत दुखलं तर खोलीवर पडून राहायचं नाही, ९९८ वर फोन करायचा, तो तिथल्या रुग्णवाहिकेचा नंबर आहे. जिवावर बेतलेलं असेल तर दवाखाना आधी उपचार करतो, पैशांचं मागाहून बघतो.

आपल्या सरकारचाही एक विमा आहे, प्रवासी भारतीय बीमा योजना. तो फार स्वस्त आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारणपणे जे दहावी पास नाहीत, त्यांना आखातात कामाला जाताना तो काढावाच लागतो. अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर एक लाखापर्यंत. पहिल्या बारा महिन्यांत तब्येतीमुळे कामाला अपात्र ठरला तर परतीचं विमानभाडं. मृत्यू झाला तर देह गावी आणण्याचा खर्चही त्यात आहे. बाई कामाला गेली असेल तर बाळंतपणाचा खर्च ५० हजारांपर्यंत. मालक बदलला तरी हा विमा चालू राहतो.

यात एक मेख आहे. ते १० लाख फक्त अपघाताचे. झोपेत हृदय बंद पडून माणूस गेला, आणि असे किती जातात ते आपण गावोगावी पाहतोच, तर ते १० लाख मिळत नाहीत. म्हणून घरचा एक साधा मुदतीचा आयुर्विमा असावा, असं आमचं मत आहे. आणि दुसरं म्हणजे, दहावी-बारावी पास मुलाच्या पासपोर्टवर ईसीआर नसतं, त्याला हा विमा सक्तीचा नाही, म्हणून तो काढतच नाही. शिकलेला मुलगा बिनविम्याचा जातो आणि कमी शिकलेला विमा घेऊन जातो, असं हे उलटं चित्र आहे.

आपल्यापैकी कुणी स्वतः घरकामाला जायचा विचार करत असेल, तर ईसीआर पासपोर्टवर तीस वर्षांखालील बाईला सरकार त्या कामासाठी परवानगी देत नाही, आणि त्यावरील वयाच्या बाईनेही सरकारने ठरवलेल्या संस्थांमार्फतच जायचं असतं. व्हिजिट व्हिसावर गुपचूप नेणारा एजंट म्हणूनच तुम्हाला नियमांच्या बाहेर काढत असतो.

सगळीकडून दार बंद झालं तर आपल्या दूतावासाकडे जायचं. दूतावासात भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासूनचा. ज्याच्याकडे खरोखर काही नाही, त्याच्या तातडीच्या उपचारासाठी आणि देह परत आणण्यासाठी त्यातून मदत होते. अर्ज करावा लागतो, कागद लागतात. दुबईत आपल्या लोकांसाठी मोफत फोन ८०० ४६३४२. आणि आपण इथून करायचा तो १८०० ११ ३०९०. 'मदद' नावाच्या सरकारी पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार टाकता येते. गटातल्या एखादीची मुलगी कॉलेजला असेल तर ती अर्ध्या तासात भरून देईल.

आजारी होऊन परत आलेल्या माणसासाठी इथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. डायलिसिसही त्यात होतं. मात्र त्याचं नाव रेशनकार्डावर हवं, आधारशी जुळलेलं हवं. तो दहा वर्षं बाहेर आहे म्हणून त्याचं नाव कमी झालंय का, ते आजच कार्ड काढून बघा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे, त्यांनी चार कागदांची झेरॉक्स आणावी: पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, कामाचा करार आणि विम्याचा कागद. व्हॉट्सअपवर मागवून घ्या, मिळतो. विम्याचा कागद "नाही, कंपनीकडे आहे" असं उत्तर आलं, तर तेही लिहून आणा. व्हिसावर "व्हिजिट" लिहिलेलं आहे की "एम्प्लॉयमेंट", हे आपण एकत्र बसून वाचू. चष्मा विसरू नका.