सूर्याचा जमाखर्च आणि खेळाचा संगणक

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांचीं घरें गांवठाणापासून दूर, मळ्यावर अगर वस्तीवर असतात. जेथें विजेचे खांब अद्याप पोंचले नाहींत, अशा ठिकाणीं सौर प्लेटा, बॅटऱ्या व इन्व्हर्टर यांवर घर चालविण्याचा प्रघात पडला आहे. आतां अशा घरांतून तरुण मुलांची एक नवी मागणी ऐकूं येऊं लागली आहे. ती अशी कीं, खेळांसाठीं लागणारा मोठा संगणक, ज्यास हीं मुलें गेमिंग पीसी म्हणतात, तो या सौर संचावर चालवावा.

ही मागणी ऐकतांच वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. आमच्या मतें तिचा निकाल रागानें न लावतां हिशेबानें लावावा. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकीय खेळांस पदकें होतीं. शिवाय हाच संगणक चित्रफितींचें संपादन व आराखडे काढणें यांच्याही कामीं येतो. पैसे लावून खेळण्याची गोष्ट मात्र निराळी. तसल्या ऑनलाईन खेळांस मनाई करणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला असून, त्या खेळांची भलावण आम्ही करीत नाहीं.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. संगणकाच्या वीजपेटीवर ६५० किंवा ७५० वॅट असा आंकडा लिहिलेला असतो. ती पेटीची शक्ति होय, नित्याचा खर्च नव्हे. बैलगाडी वीस पोतीं वाहूं शकते म्हणून ती रोज वीस पोतीं वाहते असें नाहीं. खरा खर्च प्लगांत बसविण्याच्या लहान मीटरवर मोजून घ्यावा. खेळ चालू असतां पडद्यासह ४५० वॅट लागतात असें धरल्यास चार तासांस १.८ युनिट होतात. इन्व्हर्टरमधील घट धरून हा आंकडा सुमारें २ युनिटांवर जातो. आणि तीच वीज शिसे-आम्लाच्या बॅटरींत सांठवून मग वापरली, तर सांठवणींतील घट मिळून प्लेटांना सुमारें २.५ युनिट निर्माण करावे लागतात.

घराचे दिवे, पंखा व मोबाईल यांस रात्रीं १ युनिट लागतो असें धरूं. त्यासाठीं प्लेटांकडून सुमारें १.४ युनिट हवेत. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी २५ वॅटप्रमाणें दिवसाकांठीं ०.६ युनिट खातो. ही चोरखर्चाची बाब बहुतेक लोक हिशेबांत धरीतच नाहींत.

आतां जमेची बाजू. आपल्या प्रांतांत १ किलोवॅटच्या प्लेटा स्वच्छ उन्हाच्या दिवशीं सरासरीनें ४ युनिट देतात. मुलगा रात्रीं खेळला तर खर्च २.५, १.४ व ०.६ मिळून ४.५ युनिट, म्हणजे रोज अर्ध्या युनिटाची तूट. तोच मुलगा दुपारीं अकरा ते तीन या वेळांत खेळला, तर वीज प्लेटांवरून बॅटरींत न शिरतां थेट संगणकास मिळते आणि एकूण खर्च ४ युनिटांवर येऊन तोंडमिळवणी होते. याउपर संगणकांतच सेकंदास ६० चित्रांची मर्यादा घातली व ग्राफिक्स कार्डाची शक्ति थोडी उतरविली, तर ४५० वॅटांचे ३०० होणें पुष्कळ खेळांत शक्य आहे. मग रोज सुमारें दोन-तृतीयांश युनिट शिल्लक पडतो.

बॅटरीच्या बाबतींत हा फरक अधिकच डोळ्यांत भरतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १.८ युनिट मावतात. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखालीं वारंवार उतरविल्यास तिच्या पाट्यांवर गंधकाचे क्षार धरून ती अकालीं निकामी होते. सबब एका बॅटरीमागें ०.९ युनिटच आपले समजावे. रात्रीच्या खेळासह अशा चार बॅटऱ्या लागतात, दिवसाच्या खेळास दोन पुरतात. लोहयुक्त लिथियमची बॅटरी अधिक खोल उतरवितां येते, पण तिची किंमतही तशीच असते. तात्पर्य, या छंदांत बॅटरीचा खर्च वाढवितो तो रात्रीचा तास.

आणि येथेंच मुख्य प्रश्न येतो. ज्या बॅटरीवर खेळ चालतो तिच्यावरच घराचा दिवा चालतो. वस्तीवरील घर मध्यरात्रीं अंधारांत बुडालें, तर पावसाळ्यांत अंगणांत उतरणाऱ्या माणसास साप-विंचवाचें भय असतें; गोठ्यांत गाय व्यायला झाली असेल तर काळोखांत हात चालत नाहीं. म्हणून घराचे दिवे एका लहान स्वतंत्र बॅटरीवर ठेवावे व खेळास त्या खात्यांतून एक पैही उचलूं देऊं नये.

विहिरीचा व सूर्याचा हंगाम परस्परांच्या उलट आहे. चैत्रांत विहीर आटते तेव्हां ऊन्ह भरपूर असतें. आषाढांत विहीर भरूं लागते तेव्हां दाट ढगांच्या दिवशीं प्लेटांचें उत्पन्न चौथाईवर किंवा त्याहूनही खालीं येऊं शकतें. उन्हाळ्याच्या आंकड्यांवर संच घेणाऱ्यानें आषाढ-श्रावणांत खेळ बंद ठेवण्याची तयारी आधींच करावी.

सामान घेतांना इन्व्हर्टर शुद्ध साईन वेव्हचा पाहावा. चौकोनी लहरीच्या यंत्रावर संगणकाच्या नव्या वीजपेट्या नीट चालत नाहींत. संच १२ ऐवजीं २४ व्होल्टचा ठेवावा, म्हणजे प्रवाह ४२ अँपिअरांऐवजीं २१ होतो व तारा तापत नाहींत. बॅटरीजवळच फ्यूज असावा; चार्ज होतांना तिच्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून खोली हवेशीर ठेवावी. प्लेटा दक्षिणाभिमुख असाव्या व त्यांवरील धूळ वेळोवेळीं धुवावी.

सौर पंपाच्या प्लेटा दुपारीं रिकाम्या दिसतात म्हणून त्यांची तार तोडून घरांत आणण्याचा मोह कोणीं धरूं नये. त्या जोडणींत जीव घेण्याइतका दाब असतो, शिवाय देखभालीच्या करारास बाध येतो. २०१९ पासूनच्या कुसुम योजनेंत त्या विजेवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी यांसारखीं यंत्रें चालविण्यासाठीं सार्वत्रिक कंट्रोलरची सोय आहे. ज्यांस गरज असेल त्यांनीं त्या मार्गानेंच जावें.

मुलानें मागणी केली तर त्याच्या हातीं वही द्यावी आणि महिनाभर रोजची जमा व रोजचा खर्च लिहावयास सांगावें. ज्यास हा ताळा जमेल त्यास संगणक खुशाल घेऊन द्यावा. सूर्याचा जमाखर्च ज्यास कळला, त्यास पुढें पाण्याचा व पिकाचा जमाखर्च शिकविणें जड जात नाहीं.