पोळपाटाखालचा ओला कपडा

ऑक्युपेशनल थेरपिस्टला कल्पकता लागते, हे सगळ्यांना पटते. कशासाठी लागते, हे विचारले की मात्र उत्तर येते: मणी ओवायला, टोपल्या विणायला.

गैरसमज: ज्याला हस्तकला चांगली जमते, तोच कल्पक थेरपिस्ट.

हा समज अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९१७ मध्ये या व्यवसायाची पहिली संघटना उभी राहिली, तेव्हा विणकाम, सुतारकाम हीच उपचारांची मुख्य साधने होती. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातले या विषयाचे पहिले विद्यालय सुरू केले. त्यानंतर साधने बरीच बदलली, लोकांच्या मनातले चित्र तेच राहिले.

आज कल्पकतेचा कस लागतो तो रोजच्या कामाची फोड करताना. अर्धांगवायूने एक हात लुळा पडलेल्या बाईंना पुन्हा स्वयंपाक करायचा आहे. पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओला कपडा, कांदा एका हाताने चिरता यावा म्हणून फळीत ठोकलेले स्टेनलेस स्टीलचे दोन खिळे, विळीऐवजी सुरी आणि ओट्याशी उंच खुर्ची. बघणाऱ्याला हा घरगुती जुगाड वाटेल. पण हाताला चटका कळतो का, लुळ्या बाजूकडे लक्ष जाते का, तोल किती वेळ टिकतो, हे तपासल्याशिवाय यातले काहीच ठरत नाही. जेवणाचेही तसेच. परदेशी पुस्तकांतले काट्या-चमच्याचे धडे इथे अर्धेच कामाला येतात. वरणभात कालवून घास उचलायला बोटांची टोके जुळावी लागतात, तो तोंडाशी नेताना तळवा वळावा लागतो. उरलेला अर्धा धडा थेरपिस्टलाच रचावा लागतो, आणि माझ्या मते या पेशातली खरी मजा तिथेच आहे.

गैरसमज: रुग्ण पूर्ण बरा झाला तरच कामाचे समाधान.

सेरेब्रल पाल्सी किंवा पार्किन्सन्स पूर्ण बरा होत नाही. शर्टाची बटणे स्वतः लावता आली, हेही यशच असते.

गैरसमज: काम मनासारखे असले की पगार कमी चालतो.

हे वाक्य बहुधा पगार देणाऱ्यांच्या तोंडी असते. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ च्या पुस्तकात अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून मांडले, की समाधान येते ते प्रत्यक्ष कामातून, यशातून, मिळालेल्या दादेतून. असमाधान मात्र पगार, धोरणे आणि देखरेखीच्या पद्धतीतून. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. या मांडणीवर पुढे टीका झाली, आणि मुलाखती दिलेले लोक थेरपिस्टही नव्हते. तरी सगळ्या रुग्णांना तेच ठरावीक व्यायाम द्यायचे, असा शिरस्ता असलेल्या विभागात कल्पक माणूस आधी कंटाळतो, हे समजायला हर्झबर्ग यांची मांडणी उपयोगी पडते.

म्हणून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी पगाराचा आकडा तर विचारावाच, शिवाय दिवसाला किती रुग्ण आणि घरभेटीचा वेळ ड्युटीत धरतात का, हेही विचारून घ्यावे.