दूध पुरतं, झोप पुरत नाही

बाळ रात्री तिसऱ्यांदा उठलं की रत्नागिरीच्या मांडवीत काय किंवा खाडीपलीकडच्या भाट्यात काय, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं निदान ठरलेलं असतं: "दूध पुरत नाय गो तुझं, वरचं काहीतरी दे." बाळंतीण माहेरी आलेली, नवरा बऱ्याचदा मुंबईत नोकरीला. रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, तिलाही ते पटू लागतं आणि दुसऱ्या दिवशी घरात पावडरच्या दुधाचा डबा येतो.

हे निदान बहुतेक वेळा चुकतं. जन्माच्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे चहाचा जेमतेम चमचाभर दूध मावतं. आठवड्याने ते ४५ ते ६० मिलिलिटरपर्यंत जातं. त्यातून आईचं दूध पचायला हलकं, दीड-दोन तासांत पोट रिकामं होतं. म्हणून सुरुवातीला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, आणि त्यातल्या काही वेळा रात्रीच्या वाट्याला येणारच. दिवस कुठला नि रात्र कुठली, हे बाळाच्या शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. झोपेचं एक चक्रही त्याचं तासाभराचंच असतं. प्रत्येक चक्राच्या शेवटी झोप विरळ होते. मोठी माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात, तान्हं बाळ हाक मारतं.

आईच्या शरीराचं गणितही रात्रीच्याच बाजूचं आहे. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं प्रमाण रात्री जास्त असतं. रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिनही असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतं. रात्रीचं पाजणं बंद करून बाटली दिली की मागणी घटते, मागणी घटली की दूध घटतं. आजीचं चुकलेलं निदान महिन्याभरात असं खरं होऊन बसतं.

दूध पुरतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा किंवा अधिक दुपटी ओली होत असतील, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं असेल आणि पुढे वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. हे तपासायला सरकारी आरोग्य यंत्रणेच्या 'आशाताई' घरी येतात. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्या आधारावर २०११ साली घरभेटींचा हा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

"शेजारणीचं बाळ रात्रभर झोपतं" हा दुसरा घोर. कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तासही झोप लागत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ टक्के होतं. त्यांच्या विकासात काही उणं आढळलं नाही. ब्रिटनमधल्या २०१५ च्या पाहणीत सहा ते बारा महिन्यांची अंगावर पिणारी आणि पावडरचं दूध पिणारी बाळं रात्री सारख्याच वेळा उठत होती.

तरीही बाळाला 'झोपवण्याचे' उपाय फार जुने. त्यातल्या सर्वांत कडू उपायाचा रत्नागिरीशी संबंध आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत सर्वाधिक कामगार याच जिल्ह्यातून गेलेले होते. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरबाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं नोंदवलं गेलं. अफूच्या या गोळीला 'बाळगोळी' म्हणत. आई दिवसभर गिरणीत, बाळाकडे बघायला कोणी नाही, आणि रात्री झोप मिळाली नाही तर सकाळचा भोंगा गाठता येत नाही. दोष आईच्या मायेत नव्हता. बाळाच्या जागण्याला त्या जगण्यात जागाच ठेवलेली नव्हती.

आज अफू गेली, पण जायफळाचे जास्तीचे वेढे, मध, मोहरीची उशी अजून कुठे कुठे दिसतात. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आत पेजही नको. बाळाला झोपवावं उताणं, टणक अंथरुणावर आणि उशीविना. पाजता पाजता सोफ्यावर किंवा खुर्चीत डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा दारू घेतलेली असेल, तर त्या माणसाच्या अंथरुणात बाळ नसावं.

बाळाचं उठणं टळत नसलं तरी आईचं जागणं कमी करता येतं. बाळाचं अंथरूण हाताच्या अंतरावर असलं आणि कुशीवर निजून पाजण्याची सवय झाली, की उठबस वाचते. दिवा मंद, बोलणं नाही, मोबाइल नाही; शी झाली नसेल तर दुपटं बदलण्याची घाई नाही. सकाळी मात्र बाळाला उजेडात आणावं. चार-पाच महिन्यांचं बाळ दिवसा इकडेतिकडे बघण्यात दूध अर्धवट सोडतं आणि रात्री वसुली करतं. त्याला दिवसा शांत खोलीत पाजावं.

पाजणं सोडलं तर रात्रीचं बाकी सगळं काम कोणालाही जमतं. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, खांद्यावर घेऊन थोपटणं बापाला येतं, आजोबांनाही येतं. पहाटे पाचचं पाजून झाल्यावर बाळ दोन तास दुसऱ्याकडे दिलं, तर आईला सलग झोपेचा एक तुकडा मिळतो. पाहुण्यांची वर्दळ दुपारी थांबवली, तर दुसरा.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येणं, ते सुस्त पडणं, प्यायला न उठणं, लघवी कमी होणं यांवर लगेच डॉक्टर गाठावा. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, बाळाचा विचारही नकोसा वाटत असेल, तर तो थकवा नसून प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं.

कामावर परतणाऱ्या आईपुढे नवंच कोडं येतं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रात २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. बंदरावर मासळी विकणारीला ती नाही. आई दिवसभर बाहेर राहिली की बाळ रात्री जास्त पितं, कारण दिवसाचं राहिलेलं दूध आणि सहवास दोन्ही ते रात्री मागतं. अशा वेळी निघण्यापूर्वी स्वच्छ भांड्यात दूध काढून ठेवावं. फ्रिजमध्ये ते चार दिवस, साधारण २५ अंश तापमानात चार तास टिकतं; कोकणातल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावं. बाटली टाळून वाटी-चमच्याने आजीने दुपारी ते पाजलं, तर रात्रीच्या फेऱ्यांतली एखादी कमी होण्याची शक्यता वाढते.