पिवळ्या टॅक्सीची कंपनी आणि तिचा ताळेबंद

हावडा स्थानकाबाहेर पडणाऱ्या मराठी प्रवाशाला कोलकात्याची पहिली भेट अनेक दशके पिवळ्या अँबॅसडर टॅक्सीनेच घडविली. ही मोटार शहरालगतच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तयार होत असे. बिर्ला समूहाची ही कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. गुजरातेतील ओखा बंदरातून १९४८ मध्ये ती बंगालात आली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरला जे स्थान, तेच तेथे हिला. किंबहुना ममत्व थोडे अधिकच.

समभागाचे मूल्य ठरविताना मात्र हे ममत्व बाजूस ठेवावे लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारे २४ हजार अँबॅसडर विकल्या जात. १९८३ मध्ये मारुती अवतरली आणि २०१३-१४ पर्यंत हा आकडा सुमारे २,२०० वर आला. विक्री घटली तरी यंत्रसामग्रीची देखभाल, वेतन व कर्जावरील व्याज त्या प्रमाणात घटत नाही. मोटार उद्योगात तोटा इतक्या वेगाने का फुगतो, याचे कारण येथे आहे.

अशा वेळी कंपन्या मालमत्ता विकतात. हिंदुस्थान मोटर्सने २००७ मध्ये उत्तरपाड्याची ३१४ एकर जमीन २८५ कोटी रुपयांस विकली. २०१७ मध्ये 'अँबॅसडर' हे नाव ८० कोटींस फ्रान्सच्या प्यूजो समूहाकडे गेले. असे उत्पन्न एकदाच येते. ते वगळल्याशिवाय प्रतिसमभाग मिळकत काढली, तर महाग समभागही स्वस्त भासतो.

'नुसत्या जमिनीचीच किंमत बघा,' असा युक्तिवाद दलालांच्या कचेऱ्यांतून हमखास ऐकू येतो. परंतु जमिनीवर धनको, कामगार आणि शासन यांचे हक्क आधी. भागधारक सर्वांत शेवटी. उत्तरपाड्याची सुमारे ३९५ एकर वापराविना पडलेली जमीन राज्य शासनाने परत घेतली आणि २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्यांनी ती जमीन हिशेबात धरून समभाग राखले होते, त्यांचे गणित तेथेच कोलमडले.

कारखान्याचे काम २४ मे २०१४ रोजी थांबले होते. तरीही विद्युत दुचाकींसाठी परदेशी भागीदार येणार, अशी वार्ता २०२२ मध्ये पसरताच भाव उसळला. उत्तरपाड्यातून तोवर आठ वर्षे एकही मोटार बाहेर पडली नव्हती.