विद्युत्-वाहनांची चार्जिंग-व्यवस्था : कुरुंदवाड परिसराच्या संदर्भात

विद्युत्-वाहनांच्या प्रसाराचा विचार बहुधा वाहनाची किंमत आणि बॅटरीची क्षमता या दोन अंगांनी केला जातो. परंतु त्यामुळे वाढणारा भार स्थानिक वीजवितरणाचे जाळे कसे पेलणार, हा प्रश्न तितकाच मूलगामी आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेले, शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे या दृष्टीने उद्बोधक उदाहरण होय.

चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये केला. त्यामुळे अशा केंद्रास वीजविक्रीच्या परवान्याची आवश्यकता उरली नाही. २०२२ च्या निर्देशांत शहरांमध्ये ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत एक आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक केंद्र असावे, असे प्रमाण दिले होते. २०२४ मध्ये ते अधिक दाट करण्यात आले. येथे अंतर हा मुख्य निकष मानला आहे. तथापि पुणे-बंगळूर महामार्गापासून दूर असलेल्या कुरुंदवाडसारख्या गावी केंद्र कोणत्या शक्तीचे असावे, याचे उत्तर केवळ अंतरावरून मिळत नाही.

त्यासाठी थोडे गणित पाहणे इष्ट ठरेल. ३० युनिट क्षमतेची मोटारीची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या मंद यंत्रावर भरण्यास नऊ तासांहून अधिक काळ लागतो. ६० किलोवॅटच्या जलद यंत्रावर, बॅटरी तेवढी शक्ती स्वीकारू शकत असल्यास, हेच काम बव्हंशी अर्ध्या-पाऊण तासात होते. मात्र असे एकच यंत्र १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्राची निम्म्याहून अधिक शक्ती व्यापते. हा भार पाच अश्वशक्तीचे बारा-पंधरा पंप एकाच वेळी चालविण्याइतका आहे. उसाच्या शेतीमुळे पंपांचा भार आधीच वाहणाऱ्या या भागात अशा यंत्रासाठी स्वतंत्र रोहित्राची तरतूद नसेल, तर शेजारच्या ग्राहकांना कमी दाबाची वीज मिळण्याचा संभव असतो.

उलटपक्षी, पाऊण किलोवॅटच्या साध्या चार्जरवर वीस स्कूटरी एकाच वेळी लावल्या तरी एकूण भार १५ किलोवॅटच होतो. अंगण असलेल्या घरमालकास ही सोय घरीच करता येते. भाडेकरूस किंवा अरुंद बोळातील रहिवाशास ती उपलब्ध नसते. सार्वजनिक केंद्राची खरी निकड या वर्गास आहे. म्हणून वाहने जेथे स्वाभाविकपणे काही तास उभी राहतात, तेथे मंद यंत्रे बसविणे श्रेयस्कर होय. बाजारपेठ, एस.टी. आगाराचा परिसर आणि पौर्णिमेस व दत्तजयंतीस यात्रेकरूंनी गजबजणारी शेजारची नृसिंहवाडी ही अशी स्थळे आहेत. जलद यंत्रे मोजकी असावीत व ती कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या दूरच्या प्रवाशांसाठी राखावीत. त्यांच्या अपेक्षित वापराशी स्वतंत्र रोहित्राच्या खर्चाचा मेळ घातल्याखेरीज मात्र ती टिकणार नाहीत.

या प्रदेशात आणखी एक बंधन आहे, ते पुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याची मोठी हानी झाली. पाणी चढू लागले की सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा खंडित करावा लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी माणसे, गुरे व सामान हलविण्यासाठी वाहनांची सर्वाधिक गरज भासते. पेट्रोल डब्यातून आणता येते. विजेचे तसे नाही. यासाठी चार्जिंगची यंत्रे व त्यांची रोहित्रे ज्ञात पूररेषेच्या वर उभारणे अवश्य आहे. पुराचा इशारा मिळताच रुग्णवाहिका व मदतकार्याची विद्युत्-वाहने प्रथम भरून घेण्याचा क्रमही पूर्वीच ठरलेला असावा. उंचावरील किमान एका केंद्रास सौरपट व साठवणुकीच्या बॅटरीची जोड दिल्यास पुरवठा तुटल्यावरही मर्यादित सेवा चालू ठेवता येईल.

सारांश, केंद्रांची संख्या वाढविणे हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आहे. रोहित्राची शक्ती, वाहन उभे राहण्याचा काळ आणि पुराची पातळी या तीन गोष्टी एकत्र मांडणारा स्थानिक आराखडा हे दुसरे अर्ध होय. त्यासाठी लागणारी मोजणी तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोगी आहे, आणि विद्युत् अभियांत्रिकी व भूगोल या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांना तीत संयुक्त संशोधनाचे क्षेत्र उपलब्ध आहे.