आद्याक्षरांची गंमत आणि गोंधळ : मराठवाड्यातील शैक्षणिक व्यवहाराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कमी शब्दांत अधिक आशय सांगणे ही भाषेची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. लघुरूपे याच प्रवृत्तीतून जन्माला येतात. मात्र लघुरूपाचा उलगडा वाचणाऱ्यास होत नसेल, तर वेळेची बचत लिहिणाऱ्याची होते आणि कष्ट वाचणाऱ्याच्या वाट्याला येतात. आपल्या महाविद्यालयीन परिसरातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीतील लघुरूपांची परंपरा :
लघुरूपे ही इंग्रजीची देणगी आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. मोडी कागदपत्रांत 'राजश्री' या शब्दासाठी 'रा॥' आणि 'मौजे' या शब्दासाठी 'मौ॥' लिहिण्याची रीत होती. पत्रलेखनातील 'सा. न. वि. वि.', 'ता. क.' किंवा पत्त्यातील 'मु. पो.' ही रूपे कालपरवापर्यंत घरोघरी परिचित होती. शेतकऱ्याचा 'सातबारा' तर गावनमुना ७ व १२ यांचे केवळ आकड्यांत झालेले लघुरूप होय. ही सर्व रूपे लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास सारखीच ज्ञात असल्याने त्यांतून गैरसमज क्वचितच होत असे.

लघुरूपांचे प्रकार :
स्थूलमानाने लघुरूपांचे तीन प्रकार करता येतात. पहिल्यात शब्दाचा काही भाग राहतो, उदा. 'डॉ.', 'सौ.'. दुसऱ्यात अक्षरे सुटी उच्चारली जातात, उदा. 'यूजीसी', 'एसटी'. तिसऱ्यात आद्याक्षरांचा सलग शब्द बनतो, उदा. 'नॅक', 'गदिमा', 'रासेयो'. देवनागरीत अक्षराबरोबर स्वरही येतो, म्हणून 'राष्ट्रीय सेवा योजना' सहज 'रासेयो' होते. याउलट इंग्रजी अक्षरांची नावे देवनागरीत लिहिताना 'डब्ल्यू'सारखे लांबलचक रूप लिहावे लागते आणि 'ईडब्ल्यूएस' हा संक्षेप फारसा संक्षिप्त राहत नाही.

एक रूप, अनेक अर्थ :
खरी गंमत येथे आहे. 'मसाप' म्हणजे पुण्यात १९०६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद, तशीच मराठवाडा साहित्य परिषदही. 'एपीआय' हे रूप प्राध्यापकांना २०१० च्या यूजीसी नियमावलीने शिकविले आणि २०१८ च्या नियमावलीने ती गुणपद्धती बाजूला सारली. पोलीस ठाण्यात मात्र 'एपीआय' म्हणजे सहायक पोलीस निरीक्षकच. 'पीडब्ल्यूडी' हे सार्वजनिक बांधकाम खात्याचेही रूप आणि दिव्यांग व्यक्तींच्या प्रवर्गाचेही. 'एसटी सवलत' म्हटल्यावर बसचा पास की अनुसूचित जमातीची सवलत, हे संदर्भानेच ठरते. केरळ व कर्नाटक या राज्यांच्या परिवहन महामंडळांत तर 'केएसआरटीसी' या अक्षरांच्या हक्कावरून वाद होऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मूळ अर्थ विसरला गेला की द्विरुक्ती होते. 'सीईटी परीक्षा', 'एटीएम मशीन' आणि 'पीआरएन नंबर' हे त्याचे नमुने होत.

गोंधळाची किंमत :
हा विषय केवळ विनोदाचा नाही. निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी खेड्यापाड्यांतून येणारा, घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी प्रवेश अर्जासमोर बसतो, तेव्हा त्याच्यापुढे 'ओबीसी', 'एसबीसी', 'ईबीसी', 'एसईबीसी', 'ईडब्ल्यूएस' अशी रांग असते. यांतील काहींत एकेका अक्षराचाच फरक आहे. परंतु त्या अक्षरावर शुल्क सवलत आणि शिष्यवृत्ती अवलंबून असते. सूचना फलकावर लावलेला 'जीआर' त्याला वाचता येतो, पण कळतोच असे नाही. विचारण्याचा संकोच असेल तर तो शेजारच्याचे पाहून रकाना भरतो.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तीच्या तारखेस स्थापन झाले आणि त्यास त्या लढ्याच्या नेत्याचे, स्वामी रामानंद तीर्थांचे नाव देण्यात आले. आज आपण 'स्वारातीम' म्हणतो, आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयास 'स्वाराती'. १९७८ पासून चाललेल्या नामांतराच्या संघर्षात माणसांनी प्राण गमावले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ज्या नावासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते नाव 'बामु' या दोन अक्षरांत ऐकू येत नाही. सोय म्हणून हे क्षम्य असले, तरी वर्गात पूर्ण नाव उच्चारणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष :
१. लघुरूप प्रथम योजताना त्याचे पूर्ण रूप लिहावे.
२. प्रवेश व शिष्यवृत्तीच्या सूचनांत प्रवर्गांची पूर्ण मराठी नावे द्यावीत.
३. 'रासेयो'सारखी सुबोध मराठी रूपे उपलब्ध असतील तेथे त्यांना प्राधान्य द्यावे.
४. व्यक्तींच्या नावांची लघुरूपे वापरताना त्यामागील इतिहास विद्यार्थ्यांना सांगावा.

लघुरूप हे जाणत्यांसाठी सोय असते, तर अजाणत्यांसाठी भिंत असते. ती भिंत उतरविण्याचे काम शिक्षकाइतके अन्य कोणी करू शकत नाही.